४८ ला सुरात, ४४.१ ला चढं : लिनक्स कर्नलमध्ये क्लॉकचा रेट नक्की ठरतो कुठे?

अनुनाद (धागाकर्ता)

एनएक्सपी आय.एमएक्स८एम मिनी वर बेतलेला बोर्ड, मेनलाइन कर्नल ६.६. आवाज साइ३ (चिपमधल्या डिजिटल ऑडिओ पोर्टांपैकी एक) मधून बाहेर जातो. कार्ड (साइ आणि कोडेक यांना जोडणारा ड्रायव्हर) सिंपल-ऑडिओ-कार्ड, एमक्लॉक-एफएस ५१२ (म्हणजे मास्टर क्लॉक फाइलच्या रेटच्या ५१२ पट), मास्टर क्लॉक चिपकडून कोडेकला (आकड्यांचा आवाज करणारी चिप). बोर्डाचे दोन प्रकार आहेत:

प्रकार अ : बिट क्लॉक (तारेवर एकेक बिट जाण्याची लय) कोडेक बनवतो. ४८ किलोहर्ट्झची फाइल व्यवस्थित वाजते. ४४.१ ची फाइल वाजते, पण सूर चढलेला. ३०० सेकंदांची फाइल साधारण २९३ सेकंदांत संपते.

प्रकार ब : बिट क्लॉक साइ बनवतो. ४८ ठीक. ४४.१ ला आवाजच नाही आणि लॉगमध्ये "फेल्ड टू डिराइव्ह रिक्वायर्ड टी-एक्स रेट: १४११२००".

सीएलके_सेट_रेट दोन्हीकडे शून्य परत करतं, म्हणजे यश. मग रेट चुकतो कुठे?

(फंक्शन, फ्लॅग आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. सोर्समध्ये शोधताना मूळ स्पेलिंग घ्यावं.)

रजिस्टर_वाचक

आधी दोन गोष्टी पक्क्या करा, नाहीतर पुढचा सगळा तर्क हवेत राहील.

पहिली : फाइल थेट हार्डवेअर डिव्हाइसवर वाजवा, म्हणजे एप्लेला "एचडब्ल्यू:०,०" द्या. डीफॉल्ट डिव्हाइसमध्ये डीमिक्स किंवा प्लग (एएलएसए या लिनक्सच्या ऑडिओ प्रणालीतले मिसळणारे आणि रूपांतर करणारे थर) मधे आला की तो ४४.१ चं ४८ करून पाठवतो आणि दोष झाकला जातो. उलटंही होतं : लोक ४८ वरच चाचणी घेतात आणि ४४.१ सुद्धा चालतंय असं समजतात.

दुसरी : प्रॉक-एसाउंडमधल्या एचडब्ल्यू_पॅरम्स फाइलवर विसंबू नका. तिथे दिसणारा रेट हा मागितलेला रेट असतो. तारेवर काय आहे ते तिला ठाऊक नसतं.

मग फाइल वाजत असतानाच डीबगएफएसमधली सीएलके_समरी (सगळ्या क्लॉकांचा तक्ता) बघा. डीबगएफएस माउंट नसेल तर सिस-कर्नल-डीबगवर माउंट करा. तिच्यात ऑडिओ_पीएलएल१, ऑडिओ_पीएलएल२, साइ३ आणि साइ३_रूट_सीएलके या चार ओळी हव्यात (पीएलएल म्हणजे क्रिस्टलपासून हवी ती वारंवारता बनवणारं सर्किट). साइ३ कोणाच्या खाली सरकवून लिहिलंय तेही सांगा, ते सरकणं म्हणजेच पेरेंट, ज्याच्यापासून हे क्लॉक निघतं ते.

अनुनाद

एचडब्ल्यू:०,० वरही तेच.

४८ वाजताना : ऑडिओ_पीएलएल१ ३९३२१५९९५, त्याच्याखाली साइ३ २४५७६०००.
४४.१ वाजताना : ऑडिओ_पीएलएल१ तेच ३९३२१५९९५, त्याच्याखाली साइ३ २३१३०३५३.
ऑडिओ_पीएलएल२ दोन्ही वेळा बंद, रेट बूटलोडरने सोडलेला.

क्वार्ट्झ_२४

उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. मागितलं होतं ५१२ × ४४१०० = २२५७९२००. मिळालं २३१३०३५३. भागाकार करा : १.०२४४. म्हणजे २.४४ टक्के जलद, आणि ३०० ÷ १.०२४४ = २९२.८५ सेकंद. कोडेकला ड्रायव्हरने सांगितलंय की तुझं मास्टर क्लॉक २२५७९२०० आहे, तो त्यावर विश्वास ठेवून ५१२ ने भागतो आणि प्रत्यक्षात ४५,१७६ हर्ट्झचा फ्रेम क्लॉक (सेकंदाला किती सॅम्पल वाजतात ती लय) काढतो. कानाला हे सुमारे ४२ सेंट चढं लागतं. लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात, म्हणजे त्याच्या निम्म्याहून थोडं कमी. काळी एकचं गाणं काळी एकमध्येही बसत नाही आणि पांढरी दोनमध्येही नाही. तानपुरा लावून बसलेल्या माणसाला पहिल्या सेकंदाला कळेल, इतरांना कदाचित कळणारही नाही. म्हणून असे बोर्ड चाचणीतून सुटतात.

आता २३१३०३५३ च का? साइ३ हे क्लॉक तीन भागांचं बनलंय : आठ इनपुटांचा मक्स (त्यातला एक पेरेंट निवडणारा), १ ते ८ चा प्री-डिव्हायडर, १ ते ६४ चा पोस्ट-डिव्हायडर. पेरेंट ३९३२१५९९५ असताना २२५७९२०० साठी १७.४१ ने भागावं लागेल. पूर्णांकात १७ घेतला तर २,३१,३०,३५३ येतात, १८ घेतला तर २,१८,४५,३३४. जवळचा १७, तो घेतला.

पीएलएल१ चा आकडा ४८ च्या कुळासाठी निवडलेला आहे : ३९३२१६००० = १६ × २४५७६०००. ४४.१ च्या कुळाला ३६१२६७२०० लागतं, त्याचा सोळावा भाग बरोबर २२५७९२००. एकाच पीएलएलमधून दोन्ही कुळं पूर्णांकी भागाकाराने निघत नाहीत, कारण ४८००० आणि ४४१०० चं गुणोत्तर १६० : १४७ आहे. म्हणूनच चिपमध्ये ऑडिओची दोन पीएलएल दिली आहेत. तुमचं दुसरं झोपलेलं आहे.

प्रकार ब मध्ये मूळ दोष हाच. फरक इतका की साइचा ड्रायव्हर हिशोब तपासतो. मास्टर क्लॉकला बिट क्लॉकने भागल्यावर उरणारी बाकी मास्टर क्लॉकच्या हजाराव्या भागापेक्षा मोठी असेल तर तो ते क्लॉक नाकारतो. २३१३०३५३ ला १४११२०० ने भागलं की १६ वेळा जाऊन साडेपाच लाख उरतात. नाकारलं, बरोबर केलं. तुमच्या दोन बोर्डांपैकी खरा चांगला वागतोय तो ब.

सातारी_सोल्डर

पण मग सीएलके_सेट_रेट शून्य का देतं? मागितलेला रेट मिळाला नाही तर चूक परत करायला हवी. हा कर्नलचा बग म्हणून नोंदवावा का?

क्वार्ट्झ_२४

बग नाही, करारच तसा आहे. कॉमन क्लॉक फ्रेमवर्क २०१२ मध्ये कर्नल ३.४ मध्ये आलं तेव्हापासून सीएलके_सेट_रेटचा अर्थ "या हार्डवेअरला जमेल तितकं या आकड्याजवळ जा" असाच आहे. किती जवळ पुरेल हे फ्रेमवर्कला कळू शकत नाही. एसडी कार्डला ५० मेगाहर्ट्झ मागून ४८ मिळाले तर कोणाचं बिघडत नाही, ५२ मिळाले तर बिघडतं. ऑडिओला दोन्ही बाजूंनी टक्काभर फरकही चालत नाही. हा निर्णय मागणाऱ्या ड्रायव्हरचा.

म्हणून पद्धत अशी : आधी सीएलके_राउंड_रेटला विचारा, "२२५७९२०० मागितलं तर काय देशील?" ते हार्डवेअरला हात न लावता २३१३०३५३ सांगेल. फरक सहनशीलतेबाहेर असेल तर तिथेच चूक परत करा. नाहीतर सेट करा, आणि नंतर सीएलके_गेट_रेटने आलेला आकडा कोडेकला कळवा, मागितलेला नव्हे. ज्या ड्रायव्हरमध्ये सेट_रेटनंतर गेट_रेट नाही, तो वाचताना मी तिथेच थांबतो.

राउंडिंग कुठल्या दिशेने होतं हेही क्लॉकच्या प्रकारावर ठरतं. साधा सीएलके_डिव्हायडर मागितलेल्या रेटच्या वर जात नाही, खालचा जवळचा देतो. त्याला सीएलके_डिव्हायडर_राउंड_क्लोजेस्ट फ्लॅग लावला तर दोन्ही बाजूंनी जवळचा. मक्सचंही तसंच : मागितलेल्याच्या आत राहून सगळ्यात मोठा रेट देणारा पेरेंट, आणि सीएलके_मक्स_राउंड_क्लोजेस्ट असेल तर जवळचा. आय.एमएक्स८एमचं कंपोझिट क्लॉक (साइ३ सारखं, वर सांगितलेल्या तीन भागांचं) स्वतःच्या कोडने जवळचा शोधतं, म्हणून तुम्हाला वर गेलेला रेट दिसला.

अनुनाद

समजलं. पण मक्सला आठ इनपुट आहेत तर ४४.१ मागितल्यावर त्याने आपणहून पीएलएल२ कडे का वळू नये?

रजिस्टर_वाचक

कारण त्याला मनाई आहे. आय.एमएक्स८एमची कंपोझिट क्लॉक्स सीएलके_सेट_रेट_नो_रीपेरेंट या फ्लॅगसह नोंदवली जातात. रेट मागितला म्हणून पेरेंट बदलायचा नाही. हा फ्लॅग नसता तर एखाद्या ड्रायव्हरच्या साध्या मागणीने क्लॉक व्हिडिओ पीएलएलवर जाऊन बसलं असतं, आणि उद्या डिस्प्लेने रिझोल्यूशन बदललं की ऑडिओ बिघडला असता.

दुसरा फ्लॅग त्यांच्यावर नाही, तो म्हणजे सीएलके_सेट_रेट_पेरेंट. असता तर रेटची मागणी वर पीएलएलपर्यंत गेली असती. मात्र साइ३_रूट_सीएलके हे नुसतं गेट (चालू-बंद करणारं) आहे आणि त्याच्यावर तो आहे. गेटला स्वतःचा डिव्हायडर नसतो, म्हणून मागणी एक पायरी वर साइ३ कडे जाते आणि तिथे थांबते. तुमच्या बोर्डावर नेमकं हेच होतंय. प्रत्येक क्लॉकच्या डीबगएफएस फोल्डरमध्ये सीएलके_फ्लॅग्ज आणि, एकाहून जास्त पेरेंट शक्य असतील तर, सीएलके_पॉसिबल_पेरेंट्स या फाइली असतात. अंदाज बांधण्याआधी त्या वाचाव्यात.

तारतम्य

मग सगळ्यात सोपं : कंपोझिटला सेट_रेट_पेरेंट लावून कर्नल बिल्ड करा. एक ओळ. पीएलएल१४एक्सएक्सच्या ड्रायव्हरला दोन्ही आकडे तक्त्यातून माहीत आहेत, तो पीएलएल१ च ३६१२६७२०० वर नेईल.

क्वार्ट्झ_२४

कृपा करून हे करू नका. तारतम्य, तुमचं गणित बरोबर आहे, पण पीएलएल१ वर साइ३ एकटं नाही. त्याच बोर्डावर मायक्रोफोनसाठी मिकफिल किंवा दुसरं साइ पीएलएल१ वर असेल तर त्यांचं रेकॉर्डिंग चालू असताना पायाखालचं क्लॉक बदलेल. फ्रेमवर्क एका पेरेंटच्या सगळ्या मुलांचे रेट नव्याने मोजून ठेवतं, पण त्या मुलांच्या ड्रायव्हरांना आपणहून काही सांगत नाही. ज्यांनी नोटिफायर नोंदवलाय त्यांनाच प्री_रेट_चेंज आणि पोस्ट_रेट_चेंज असे निरोप जातात. ऑडिओच्या फार थोड्या ड्रायव्हरांनी तो नोंदवलेला असतो.

शिवाय पीएलएलचे मुख्य भागाकार बदलायचे तर ड्रायव्हर त्याला रीसेट करून पुन्हा लॉक व्हायची वाट बघतो. तेवढा वेळ खालच्या क्लॉकचा भरवसा नाही. रीसेटशिवाय बदलता येतो तो मुख्यतः के हा अपूर्णांकी भाग, म्हणजे अगदी थोडा सरकवायला. ३९३ वरून ३६१ वर उडी मारायला तो पुरत नाही.

सेट_रेट_पेरेंट शोभतं ते एकुलत्या एका मुलाच्या वर. गेटच्या वर डिव्हायडर, डिव्हायडरच्या वर फक्त त्याच्यासाठीच असलेलं पीएलएल. डिस्प्लेचं पिक्सेल क्लॉक हे त्याचं चांगलं उदाहरण. भावंडं आली की हा फ्लॅग घातक.

रजिस्टर_वाचक

आता दुरुस्ती. दोन टप्पे आहेत : पीएलएल२ ला योग्य आकड्यावर उभं करणं, आणि वाजवायच्या आधी मक्स वळवणं.

पहिला टप्पा डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय आहे ते कर्नलला सांगणारं वर्णन). बोर्डाच्या फाइलमध्ये साइ३ च्या नोडखाली :

असाइन्ड-क्लॉक्स मध्ये दोन नोंदी, आधी आय.एमएक्स८एमएम_ऑडिओ_पीएलएल२, मग आय.एमएक्स८एमएम_सीएलके_साइ३.
असाइन्ड-क्लॉक-पेरेंट्स मध्ये आधी ०, मग आय.एमएक्स८एमएम_ऑडिओ_पीएलएल१_आउट.
असाइन्ड-क्लॉक-रेट्स मध्ये ३६१२६७२०० आणि २४५७६०००.

तिन्ही याद्या जागेनुसार जुळतात. शून्य म्हणजे "या जागेला हात लावू नको". पेरेंट आधी लावले जातात, रेट नंतर, त्यामुळे तुम्हाला क्रमाची काळजी नाही. हे सगळं त्या डिव्हाइसच्या प्रोबच्या (ड्रायव्हर त्याला जोडला जाण्याच्या) आधी कर्नल स्वतः करतो, ड्रायव्हरमध्ये एक ओळही लागत नाही.

यात तीन ठिकाणी लोक अडकतात.

सगळ्यात मोठा खड्डा : क्लॉक कंट्रोलरच्या नोडवर चिपच्या मूळ फाइलमध्ये आधीच एक लांब असाइन्ड-क्लॉक्स यादी आहे. तुम्ही बोर्ड फाइलमध्ये त्याच नोडवर नवी यादी लिहिली तर ती जोडली जात नाही, जुनी पूर्ण पुसली जाते. मग ऑडिओ दुरुस्त होतो आणि व्हिडिओ पीएलएल किंवा सिस्टम पीएलएल३ चा आकडा गायब होतो, आणि बिघाड भलतीकडेच दिसतो. म्हणून ती यादी साइच्या नोडवर लिहायची. कंट्रोलरच्या नोडवरच हवी असेल तर जुनी सगळी उतरवून तिच्याखाली भर घालायची. शेवटी कर्नलच्या हातात काय पडलं ते बघायला डीटीसीला (डिव्हाइस ट्रीच्या कंपायलरला) प्रॉकमधलं डिव्हाइस-ट्री फोल्डर इनपुट म्हणून द्या, ते पुन्हा वाचण्याजोगं करून देईल.

दुसरा : रेट लागला नाही तरी प्रोब थांबत नाही. कर्नल "कुडन्ट सेट ... सीएलके रेट" अशी ओळ सध्याच्या रेटसह छापतो आणि पुढे जातो. बूट लॉगमध्ये ही ओळ शोधायची सवय हवी. आणि वर क्वार्ट्झ_२४ यांनी सांगितलं तसं, जवळचा रेट मिळाला तर ही ओळही येत नाही.

तिसरा : दोन नोडांनी एकाच पीएलएलला वेगळे आकडे दिले तर ज्याचं प्रोब नंतर, त्याचं खरं. मॉड्यूल लोड होण्याचा क्रम बदलला की निकाल बदलतो. एक पीएलएल, एकच मालक नोड.

अनुनाद

पहिला टप्पा केला. सीएलके_समरीत ऑडिओ_पीएलएल२ आता ३६१२६७१९६ दाखवतं. चार हर्ट्झ कमी का? पीएलएल१ मध्येही पाच कमी होते.

क्वार्ट्झ_२४

ते पीएलएलच्या अपूर्णांकाचं पाऊल. सूत्र असं : २४ मेगाहर्ट्झ × (एम + के ÷ ६५५३६) ÷ (पी × २ चा एस घात). पीएलएल१ साठी तक्त्यात एम २६२, पी २, एस ३, के ९४३७. पीएलएल२ साठी एम ३६१, पी ३, एस ३, के १७५११. के पूर्णांक असल्याने नेमकं ०.१४४ लिहिता येत नाही, ९४३७.१८ च्या जागी ९४३७ लिहावं लागतं. येणारा रेट ३९३२१५९९५.८, आणि दशांश कापून दिसतो ९९५. ही चूक दहा कोटीत एक भाग इतकी आहे. २४ मेगाहर्ट्झच्या साध्या क्रिस्टलची स्वतःची चूक दहा लाखात वीस-तीस भाग असते, त्यापुढे ही काहीच नाही. सोडून द्या.

रजिस्टर_वाचक

दुसरा टप्पा. इथे सिंपल-ऑडिओ-कार्ड आडवं येतं.

नव्या साइ ड्रायव्हरमध्ये सोय आहे : साइच्या क्लॉक यादीच्या शेवटी पीएलएल१_आउट आणि पीएलएल२_आउट जोडून क्लॉक-नेम्समध्ये त्यांना "पीएलएल८के" आणि "पीएलएल११के" अशी नावं द्यायची. मग मास्टर क्लॉकची मागणी आली की ड्रायव्हर तिला ८००० ने भागून बघतो. बाकी शून्य तर पीएलएल८के, नाहीतर पीएलएल११के, आणि मक्स वळवतो. पण ही वाट तेव्हाच धरली जाते जेव्हा कार्डाचा ड्रायव्हर सेट_सिसक्लॉकला मास्टर क्लॉकचा क्रमांक देतो. सिंपल-ऑडिओ-कार्ड तिथे ० पाठवतं, आणि साइच्या भाषेत ० म्हणजे बस क्लॉक. मग पेरेंट बदलत नाही. नावं जोडूनही फरक पडत नाही म्हणून लोक वैतागतात, त्याचं कारण हे.

तेव्हा एकतर एनएक्सपीच्या ऑडिओ कार्डाचा ड्रायव्हर तुमच्या कोडेकला चालतो का बघा, किंवा छोटा मशीन ड्रायव्हर (या बोर्डापुरता कार्डाचा ड्रायव्हर) लिहा. त्याच्या एचडब्ल्यू_पॅरम्समध्ये (प्रवाहाचा रेट ठरताना बोलावलं जाणारं फंक्शन, वरची प्रॉकमधली फाइल नव्हे) :

१. रेट ११०२५ ने निःशेष भागला जात असेल तर पीएलएल२_आउट, नाहीतर पीएलएल१_आउट.
२. साइ३ या कंपोझिट क्लॉकवर सीएलके_सेट_पेरेंट. साइ३_रूट_सीएलके वर नाही. ते गेट आहे, त्याला दुसरा पेरेंट नाही, चूक परत येईल.
३. पेरेंट बदलल्यावर पुन्हा सीएलके_सेट_रेट. पेरेंट बदलताना डिव्हायडर जुनाच राहतो. आधी १७ असेल तर ३६१२६७१९६ ÷ १७ म्हणजे २.१२ कोटीच्या आसपास काहीतरी येईल.
४. सीएलके_गेट_रेट, आणि तोच आकडा कोडेकच्या सेट_सिसक्लॉकला.

हे सगळं प्रवाह सुरू व्हायच्या आधी. ट्रिगरमध्ये (प्रवाह सुरू-बंद करणारं फंक्शन) करू नका : सीएलके_सेट_रेट, सीएलके_सेट_पेरेंट आणि सीएलके_गेट_रेटसुद्धा म्युटेक्स (कुलूप) घेतात, झोपू शकतात. अणु-संदर्भात, म्हणजे जिथे झोपायला मनाई आहे तिथे, फक्त सीएलके_इनेबल आणि सीएलके_डिसेबल चालतात.

क्वार्ट्झ_२४

यात भर. रेकॉर्डिंग ४८ वर चालू असताना कोणी ४४.१ वाजवायला सुरुवात केली तर? मास्टर क्लॉक एकच आहे, दोन्ही होणं शक्य नाही. दोन कुलपं लावा.

वरचं कुलूप एएलएसएमध्ये : डाय-लिंकला (साइ आणि कोडेकच्या जोडणीला) सिमेट्रिक_रेट लावा, म्हणजे दुसऱ्या प्रवाहाला पहिल्याचाच रेट घ्यावा लागेल आणि अॅपला तशी स्पष्ट चूक मिळेल.

खालचं कुलूप क्लॉकमध्ये : सीएलके_सेट_रेट_एक्सक्लुझिव्ह. याने ते क्लॉक आणि त्याच्या वरची साखळी गोठते, आणि दुसऱ्या कोणी बदलायचा प्रयत्न केला तर त्याला ईबिझी (व्यस्त असल्याची चूक) मिळतं. सीएलके_समरीतला प्रोटेक्ट काउंट हा स्तंभ त्याचाच. सोडताना एचडब्ल्यू_फ्रीमध्ये सीएलके_रेट_एक्सक्लुझिव्ह_पुट.

आता महत्त्वाचं : एचडब्ल्यू_पॅरम्स एकामागून एक दोनदा येऊ शकतं, मधे एचडब्ल्यू_फ्री न येता. एएलएसएला ते मान्य आहे. तुम्ही प्रत्येक वेळी एक्सक्लुझिव्ह घेत गेलात तर मोजणी चढत जाते, एकदाच पुट होतं आणि क्लॉक कायमचं गोठलेलं राहतं. पुढच्या गाण्याला ईबिझी. स्वतःकडे एक बूलियन ठेवा, घेतलेलं असेल तर आधी सोडा मगच पुन्हा घ्या. दोन वेगळ्या ड्रायव्हरांनी एकच क्लॉक असं धरलं तर दोघांपैकी कोणालाच रेट बदलता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

तारतम्य

सेट_रेट_पेरेंटबद्दलचं म्हणणं पटलं. तरीही एक विचारतो : बोर्डावर फक्त घोषणा आणि सूचना वाजत असतील तर एवढा मशीन ड्रायव्हर लिहिण्यात अर्थ आहे का? कार्ड ४८ ला बांधा आणि एएलएसएच्या रेट प्लगइनने ४४.१ चं रूपांतर करा. आय.एमएक्स८एम मिनीत चार कॉर्टेक्स-ए५३ गाभे आहेत, एका स्टिरिओ प्रवाहाचं रूपांतर त्यांना जड नाही.

क्वार्ट्झ_२४

अर्थ आहे, तुम्ही म्हणता ते अनेक उत्पादनांना पुरेल. फक्त तेव्हा कार्डाने ४४.१ "येतं" असं सांगता कामा नये. ड्रायव्हरच्या स्टार्टअपमध्ये रेटच्या यादीचं बंधन घाला : ८, १६, ३२, ४८, ९६ हजार. मग थेट हार्डवेअर उघडणाऱ्यालाही ४४.१ मिळणार नाही आणि चढा सूर कधीच ऐकू येणार नाही. न जमणारा रेट नाकारणं हे चुकीच्या रेटवर वाजवण्यापेक्षा केव्हाही बरं.

सातारी_सोल्डर

थोडं बाजूला जाऊन : दुसऱ्या एका बोर्डावर युआर्टला (सिरीयल पोर्टला) २४ मेगाहर्ट्झचं क्लॉक आहे. ११५२०० उत्तम चालतं, १५००००० सुद्धा चालतं, पण ९२१६०० वर कचरा येतो. हाही असाच प्रकार का? आणि कॉन्फिग_एचझेड २५० वरून १००० केलं तर काही फरक पडेल?

रजिस्टर_वाचक

हो, तोच भागाकार. ८२५० पठडीचं युआर्ट १६ पट नमुने घेतं आणि डिव्हायडर पूर्णांकी. ११५२०० साठी १३.०२, १३ घेतला की ०.१६ टक्के चूक, चालतं. १५००००० साठी बरोबर १. ९२१६०० साठी १.६३, २ घेतला की रेट ७५००००, सुमारे १८.६ टक्के हळू. दहा बिटांच्या चौकटीत शेवटच्या बिटाच्या मध्यापर्यंत सरकायला जागा जेमतेम पाच टक्क्यांची, तीही दोन्ही टोकांची मिळून. ४८ मेगाहर्ट्झ दिलं तरी ३.२६ चे ३ होतात आणि साडेआठ टक्के चूक राहते. अपूर्णांकी डिव्हायडर असलेलं युआर्ट, उदाहरणार्थ पीएल०११, ४८ मेगाहर्ट्झवर ३ आणि १६/६४ लावून ९२३०७७ पर्यंत पोचतं, चूक ०.१६ टक्के. तुमच्या युआर्टला १४.७४५६ मेगाहर्ट्झ किंवा त्याची पट मिळेल असं बघा. १४७४५६०० हे ९२१६०० च्या बरोबर १६ पट आहेत. कन्सोल ज्या युआर्टवर आहे त्याचं क्लॉक चालू असताना बदलू नका, बदलाच्या क्षणापासून अक्षरं वाचता येणार नाहीत.

कॉन्फिग_एचझेडचा याच्याशी संबंध नाही. ती कर्नलच्या टिकची गती.

नवा_ड्रायव्हर

माझं क्लॉक स्वतःचं आहे, एफपीजीएमध्ये. डिटरमिन_रेट (मागितल्यावर कोणता रेट मिळेल ते सांगणारं फंक्शन) लिहितोय. भागाकारात दशांश कापावा की वर न्यावा? उदाहरणं दोन्ही प्रकारची दिसतात.

क्वार्ट्झ_२४

वर न्या. कारण याच धाग्यातल्या आकड्यांनी दाखवतो. पेरेंट ३९३२१५९९५, डिव्हायडर १७. दशांश कापला तर उत्तर २३१३०३५२. आता कोणी राउंड_रेटचं हेच उत्तर घेऊन सेट_रेटला दिलं. वर न जाणारा डिव्हायडर काय करील? १७ × २३१३०३५२ = ३९३२१५९८४, पेरेंटपेक्षा ११ कमी. म्हणजे १७ ने भागलं तर मागितलेल्यापेक्षा किंचित जास्त होतंय, म्हणून तो १८ निवडील. तुम्ही त्यानेच सांगितलेला आकडा मागितला आणि मिळाला २१८४५३३३. एका हर्ट्झपायी साडेपाच टक्के.

वर नेला तर २३१३०३५३. १७ × २३१३०३५३ = ३९३२१६००१, पेरेंटपेक्षा जास्त, म्हणून १७ च राहतो. राउंड_रेटने दिलेलं उत्तर पुन्हा विचारलं तर तेच यायला हवं, हा नियम मोडला की चूक महिनोनमहिने सापडत नाही. कर्नलचा साधा डिव्हायडर यासाठीच रेट काढताना वरच्या दिशेने राउंडिंग करतो.

नव्या ड्रायव्हरात राउंड_रेट ऑप लिहू नका, डिटरमिन_रेटच लिहा. जुन्याचं परतणारं मूल्य चिन्हांकित लाँग आहे. ३२ बिटांच्या चिपवर २१४.७ कोटी हर्ट्झच्या वरचा रेट त्यात ऋण दिसतो आणि चूक म्हणून वाचला जातो. डिटरमिन_रेटमध्ये रेट वेगळ्या रचनेतून जातो, तिथे मर्यादा ४२९.४ कोटी.

आणि क्लॉक आयटूसीवरून (चिपांना जोडणारी दोन तारांची बस) नियंत्रित होत असेल तर जपून. सेट_रेटच्या आत आयटूसी व्यवहार होतो, तेव्हा क्लॉकचं म्युटेक्स धरलेलं असतं. त्याच वेळी आयटूसीच्या ड्रायव्हरने बस धरून स्वतःच्या क्लॉकवर गेट_रेट मागितला की दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. आयटूसीच्या ड्रायव्हरने रेट प्रोबमध्येच वाचून ठेवायला हवा.

अनुनाद

मशीन ड्रायव्हर लावला. ४४.१ वाजताना साइ३ आता ऑडिओ_पीएलएल२_आउटच्या खाली, रेट २२५७९२००, प्रोटेक्ट काउंट १. फ्रेम क्लॉक लॉजिक अॅनालायझरवर ४४.१० किलोहर्ट्झ. ३०० सेकंदांची फाइल ३०० सेकंदांत. प्रकार ब वरची चूकही गेली. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक उरलं : बूट झाल्यावर पहिल्यांदा वाजवताना सुरुवातीचा थोडा भाग गिळला जातो. सीएलके_इग्नोअर_अनयूज्ड कमांड लाइनवर दिलं की जातं. तसंच ठेवू का?

रजिस्टर_वाचक

शोधायला ठेवा, विकायच्या उत्पादनात नको. बूटच्या शेवटी कर्नल कोणीही न धरलेली क्लॉक्स बंद करतो. तुमचा कोडेकचा ड्रायव्हर मॉड्यूल आहे, तो त्यानंतर येतो, तोवर मास्टर क्लॉक गेलेलं असतं. ते पॅरामीटर दिल्यावर बूटलोडरने चालू ठेवलेली सगळीच क्लॉक्स चालू राहतात. दोष झाकतो, वीज खर्च होते.

खरा उपाय : कोडेकच्या नोडला क्लॉक्समध्ये साइ३_रूट द्या आणि त्याच्या ड्रायव्हरला ते घेऊन सीएलके_प्रिपेअर_इनेबल करू द्या. कोडेकला मास्टर क्लॉक आल्यावर स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते त्याच्या डेटाशीटमध्ये असतं, तेवढं थांबून मगच म्यूट काढायचं. सीएलके_इज_क्रिटिकल फ्लॅगने क्लॉक कायम चालू ठेवायचा मोह होईल, पण तो फ्लॅग मेमरी कंट्रोलर किंवा बससारख्या, बंद पडल्या तर यंत्रच थांबेल अशा क्लॉकसाठी आहे.

कोण कधी बंद करतंय हे बघायचं असेल तर कमांड लाइनवर ट्रेस_इव्हेंट मध्ये सीएलके गटातले सीएलके_डिसेबल, सीएलके_सेट_रेट आणि सीएलके_सेट_पेरेंट हे तीन द्या. बूटनंतर ट्रेस फाइलमध्ये साइ३ शोधा, वेळेसकट प्रत्येक बदल मिळेल. त्या ओळी इथे टाका, पुढचं त्यावरून सांगतो.